आपलीच चरबी, मग भीती कसली?

उन्हाळी सुट्टी लागायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. जोहरची नमाज आटोपून आम्ही सातवीच्या पेपरांचा गठ्ठा पुढे ओढला होता, तोच दारात एक जुनी विद्यार्थिनी उभी. सलाम-दुआ झाली. सोबतच्या धाकट्याला तिने बर्फाचा गोळा घ्यायला पैसे देऊन बाहेर धाडले, दार लोटले आणि म्हणाली, "टीचर, एक बात पूछनी थी. अम्मीला विचारायची हिंमत होत नाही." मग मोबाईल काढून आमच्यापुढे धरला. एका क्लिनिकची जाहिरात होती. पोटाची नको असलेली चरबी काढा, तीच छातीत भरा, ना सिलिकॉन, ना टाके, ना धोका. खाली हसऱ्या बाईचा फोटो.

मुलगी एकोणतीस वर्षांची. सासर इचलकरंजीला, नवरा यंत्रमागावर जॉबर. दोन मुले, आणि दोघांनाही तिने पूर्ण दोन-दोन वर्षे अंगावर पाजलेले. कुरआनने सांगितलेली मुदत तिने अक्षरशः पाळली. दूध सुटल्यावर शरीर उतरते तसे तिचेही उतरले. त्यावरून नवरा एकदा बहिणीसमोर काही तरी बोलला. मस्करीत. काय बोलला ते तिने आम्हांला सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. तिने मेहेरच्या दोन पाटल्या मोडायचे ठरवले होते. सोनाराकडून वजन करून आणले होते, क्लिनिकला फोन करून दर विचारला होता. दीड लाखाच्या पुढे. फक्त कुणीतरी "कर" किंवा "करू नकोस" म्हणावे, एवढ्यासाठी ती एस.टी.ने मिरजेला आली होती.

आधी आम्हांला रागच आला, त्या नवऱ्याचा. पण आमचा राग ऐकायला ती आली नव्हती. तिचा प्रश्न साधा होता: टीचर, आपलीच चरबी आहे, बाहेरचे काही नाही, मग भीती कसली? आणि खरे सांगायचे तर त्याचे उत्तर आम्हांला त्या दिवशी येत नव्हते.

हा विषय कुटुंबाच्या मासिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आमचे संपादकही क्षणभर थांबले होते. पण मदिन्याच्या अन्सारी स्त्रिया दीन समजून घेताना लाजत नसत, याबद्दल हजरत आयशा (रजि.) यांनी त्यांची तारीफ केली आहे. आपल्याकडे काखेत गाठ लागली तरी बाई सहा महिने कुणाला सांगत नाही. अशा लाजेने आम्ही आमच्याच घरात काय पाहिले, ते पुढे येईलच.

योगायोग असा की हाच शब्द आमच्या घरात महिनाभर फिरत होता. आमच्या थोरल्या भाभींना तीन वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला. गाठ हाताला लागूनही त्या गप्प राहिल्या होत्या, म्हणून उपचार लांबले. ऑपरेशन, केमो, मग रेडिएशन, ज्याला आपल्याकडे बायका 'शेक' म्हणतात. अल्हम्दुलिल्लाह, आज त्या बऱ्या आहेत. स्तन पूर्ण काढावा लागला नाही, पण एका बाजूला मोठा खड्डा पडला, कातडी कडक झाली. भाभींनी स्वतःच कापसाची एक छोटी गादी शिवली आहे, वजन यावे म्हणून आत मोहरीची पुरचुंडी. लोकांत काही कळत नाही. पण सजद्यात गेल्या की ती गादी सरकते, आणि सलाम फिरवेपर्यंत त्यांचे सगळे ध्यान तिच्याकडे. त्यांच्या डॉक्टरांनी सुचवले होते की, मांडीची थोडी चरबी काढून त्या खड्ड्यात भरता येईल, एकदा प्लास्टिक सर्जनला दाखवा.

म्हणजे ऑपरेशन एकच, बायका दोन. भाभींची तारीख होती त्या दिवशी आम्ही मुलीलाही बोलावून घेतले. सर्जन बाईच होत्या. दोघींना वेगवेगळे तपासले, मग त्यांच्याच परवानगीने तिघींना समोर बसवून कागदावर चित्र काढून समजावले. मास्तरकीची सवय, आम्ही वहीत उतरवून घेतले.

आधी मांडी किंवा पोटाच्या चरबीत सलाईनसारखे पाणी सोडतात. त्यात रक्तस्राव कमी व्हावा आणि दुखू नये म्हणून औषधे असतात. मग बारीक नळीने चरबी ओढून घेतात. हे लायपोसक्शन. ती चरबी स्थिरावू देतात किंवा यंत्रात फिरवतात, म्हणजे पाणी आणि तेल वेगळे होते. उरलेली चरबी बोथट सुईने स्तनात, कातडीखाली आणि आजूबाजूला, थेंब-थेंब सोडतात. टाके फारसे नसतात हे जाहिरातीतले खरे. भूल मात्र बहुधा पूर्ण द्यावी लागते आणि काम दोन-तीन तासांचे असते, हे जाहिरातीत नव्हते.

थेंब-थेंब का, हे त्यांनी सांगितले तेव्हा आम्हांला कोकणातल्या आजोळची भातलावणी आठवली. रोपांची जुडीच्या जुडी एका जागी खुपसली तर मधली कुजतात. दोन-तीन काड्या अंतराने लावल्या तर मूळ धरतात. चरबीचेही तसेच. नवीन जागी पहिले काही दिवस तिला स्वतःची रक्तवाहिनी नसते, शेजारच्या मांसातून जे झिरपेल त्यावर ती जगते. ते झिरपणे एक-दोन मिलिमीटरच्या पुढे पोहोचत नाही. म्हणून एकाच वेळी भरपूर भरून द्या म्हणणारा डॉक्टर आपले भले करत नसतो.

आणि एवढी काळजी घेऊनही लावलेले सगळे रोप जगत नाही. भरलेल्या चरबीपैकी किती टिकेल हे आधी कुणी सांगू शकत नाही. कुणाची निम्म्याहून कमी, कुणाची पाऊणभर. उरलेली पहिल्या तीन ते सहा महिन्यांत शरीर शोषून घेते. म्हणजे ऑपरेशननंतर पंधरा दिवसांनी आरशात जे दिसते ते सुजेसकट दिसते, ते खरे नव्हे. एका वेळेत साधारण एका मापाचा फरक पडतो, त्याहून जास्त हवे तर काही महिन्यांनी पुन्हा भूल, पुन्हा खर्च. टिकलेली चरबी ही चरबीच राहते. बाई बारीक झाली की तीही बारीक होते. आमच्या विद्यार्थिनीकडे पाहून डॉक्टर हसून म्हणाल्या, "तुझ्या अंगावर काढायला आहे तरी काय, बेटा? पोट चिमटीत धरले तर कातडीच हातात येते." जाहिरातीतल्या बाईच्या पोटावर निदान चरबी होती.

"आपलीच चरबी" या शब्दांत जो दिलासा आहे तो काही अंशी खरा आहे. परकी वस्तू नाही, म्हणून शरीर ती नाकारत नाही. सिलिकॉनच्या पिशव्या जन्मभराच्या नसतात, फाटू शकतात, भोवती कडक कवच धरू शकते. खरबरीत पृष्ठभागाच्या काही पिशव्यांचा संबंध एका दुर्मिळ लिम्फोमाशी आढळला, आणि २०१९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सांगण्यावरून एका मोठ्या कंपनीने तसा माल जगभरातून परत घेतला. चरबीत यातले काही नाही. स्पर्शही नैसर्गिक राहतो. हे फायदे डॉक्टरांनी झाकून ठेवले नाहीत, आम्हीही ठेवत नाही.

पण जी चरबी जगत नाही आणि शोषलीही जात नाही, तिचे काय होते? तिची गाठ होते. कधी तेलाने भरलेली मऊ गाठ, कधी कडक खडा, कधी चुन्यासारखे कण. बहुतेक वेळा या गाठी निरुपद्रवी असतात. अडचण अशी की स्तनात नवीन लागलेली गाठ निरुपद्रवी आहे की नाही, हे बोटांना कळत नाही. आणि चुन्याचे कण मॅमोग्राफीत दिसले की डॉक्टरांना सर्वांत आधी कर्करोगाचीच शंका येते.

ही भीती जुनी आहे. १८९५ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या चेर्नी नावाच्या सर्जनने एका स्त्रीच्या स्तनातली साधी गाठ काढल्यावर पडलेला खड्डा तिच्याच कमरेजवळच्या चरबीच्या गाठीने भरला होता. पुढे लायपोसक्शन आले, चरबी मुबलक मिळू लागली आणि डॉक्टर ती सर्रास भरू लागले. १९८७ मध्ये अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेनेच स्पष्ट सांगितले, स्तनात चरबी भरू नका, कर्करोग ओळखताना घोटाळा होईल. ही मनाई जवळपास वीस वर्षे चालली. दरम्यान थेंबाथेंबाने भरण्याची पद्धत सुधारली, आणि अनुभवी रेडिओलॉजिस्टला मृत चरबीचे कण व कर्करोगाचे कण बहुतेक वेळा वेगळे ओळखता येतात हेही दिसले. २००९ मध्ये त्याच संघटनेच्या अभ्यासगटाने सूर बदलला. करता येईल, पण काळजीपूर्वक आणि रुग्णाला सगळे सांगून.

"बहुतेक वेळा" या दोन शब्दांवर आम्ही बोट ठेवले. डॉक्टर म्हणाल्या, "हो. उरलेल्या वेळी सुई घालून तुकडा काढावा लागतो. बायोप्सी." रिपोर्ट येईपर्यंतचे ते दिवस कसे जातात, हे भाभींना विचारावे. त्या तिथेच बसल्या होत्या, काही बोलल्या नाहीत, नुसती ओढणी सारखी करत राहिल्या.

आपल्या भागात ही गोष्ट जास्त जड आहे. मोठ्या शहरातली बाई दर वर्षी-दोन वर्षांनी मॅमोग्राफी करून घेईल. इचलकरंजीतल्या आमच्या मुलीच्या घरात आजवर कुणी केलेली नाही. आपल्याकडे गाठ सापडते ती हातालाच. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून वीस वर्षे सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकेने दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासले, तरी पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, फक्त शिकलेला हात. ज्या स्तनात आपण स्वतःहून चार-दोन गाठी करून घेतल्या, तिथे त्या हाताचे काम अवघड होते. म्हणून कुणी हे ऑपरेशन करून घेतलेच, तर आधी सोनोग्राफी, आणि वय चाळिशीच्या आसपास असेल तर मॅमोग्राफीही करून तो रिपोर्ट जन्मभर जपावा. पुढे कुठेही तपासायला गेली की चरबी भरल्याचे पहिल्यांदा सांगावे. सासरी कळेल म्हणून डॉक्टरांपासून लपवू नये. आई-बहिणीला कर्करोग झालेला असेल तर आणखी दहा वेळा विचार करावा.

मग डॉक्टरांनी मुलीला विचारले, "तंबाखू?" ती म्हणाली, "नाही." "मिश्री?" मुलगी खाली पाहू लागली. सकाळी एकदा, दुपारी भांडी झाल्यावर एकदा, सासूबाईंच्याच डबीतली. आम्ही तिला पाचवीपासून ओळखतो, आम्हांला पत्ता नव्हता. आपल्या बायकांना मिश्री म्हणजे तंबाखू वाटतच नाही. पण ती भाजलेली तंबाखूच, आणि तिच्यातले निकोटीन रक्तवाहिन्या आवळते. आधीच रक्ताविना तग धरून बसलेली चरबी त्यात आणखी मरते, जखमाही उशिरा भरतात. काही आठवडे आधीपासून पूर्ण बंद केल्याशिवाय कुठलाही शहाणा सर्जन हात लावणार नाही.

बाकीचे धोके थोडक्यात. जंतुसंसर्ग, दोन बाजूंत फरक, जिथून चरबी काढली तिथे खळगे, पायात रक्ताची गुठळी. क्वचित चरबीचा कण रक्तात शिरून फुफ्फुसात अडकतो. नितंबात चरबी भरण्याच्या ऑपरेशनात परदेशात अशाने बायका दगावल्या आहेत. स्तनाच्या बाबतीत हे फार दुर्मिळ आहे, पण लायपोसक्शन दोन्हीकडे तेच. सर्जनच्या नावापुढे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, भूलतज्ज्ञ हजर असतो का, रात्री काही झाले तर आय.सी.यू. कुठे आहे, हे विचारायला लाजू नये. आम्ही त्या जाहिरातीतल्या नंबरवर फोन करून हेच तीन प्रश्न विचारले. पलीकडच्या मुलीने चालू महिन्यातली सवलत सांगितली.

भाभींचे गणित वेगळे निघाले. त्यांचा खड्डा हा आजाराने आणि उपचाराने केलेला. रेडिएशन झालेल्या कातडीत सिलिकॉन नीट मानवत नाही. उलट चरबी भरल्यावर तिथली कडक कातडी मऊ पडते, ओढ कमी होते, असा सर्जनांचा अनुभव आहे. चरबी भरल्याने कर्करोग परत येण्याचे प्रमाण वाढते का, ही धास्ती आम्हांला होतीच. आजवरच्या बहुतेक अभ्यासांत तसे वाढलेले दिसलेले नाही, पण त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांची लेखी संमती आल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे ठरले. भाभींना दर वर्षी मॅमोग्राफी करावीच लागते, त्यांचे जुने रिपोर्ट आहेत, तपासणारे डॉक्टर तेच आहेत. गाठीचा घोटाळा त्यांनाही होऊ शकतो, पण पाहणारा डोळा तयार आहे. आणि दोन वेळा करावे लागले तरी भाभींची तक्रार नाही. त्यांना माप वाढवायचे नाही. त्यांना सजद्यात मोहरीची पुरचुंडी सांभाळायची नाही.

दीनचे काय, हे मुलीनेही विचारले आणि वाचकही विचारतील. आम्ही मुफ्ती नाही, शिक्षक आहोत, तेव्हा जेवढे वाचले तेवढेच सांगतो. सूरह निसामध्ये अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करायला लावणे हे सैतानाचे काम म्हटले आहे. दुसरीकडे हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक लढाईत गेले, त्यांनी चांदीचे बसवले, त्याला दुर्गंधी सुटली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे बसवायला सांगितले. तेही पुरुषांना सोने मना असताना. या दोन टोकांमधून उलेमांनी वाट काढली आहे. २००७ मध्ये मलेशियात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने ठराव केला, त्यात आजार, अपघात, भाजणे यांमुळे आलेले व्यंग दुरुस्त करायला, कर्करोगानंतर स्तनाची पुनर्रचना करायलाही मुभा दिली. निरोगी अंग निव्वळ हौसेपोटी बदलायला मात्र नाही. फायद्यापेक्षा नुकसान मोठे नसावे, ही अटही घातली. गंमत अशी की भाभींची विमा पॉलिसी काढून पाहिली तर तिथेही रेघ तिथेच मारलेली. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली, आणि अपवाद म्हणून अपघात, भाजणे व कर्करोगानंतरची पुनर्रचना. विमा कंपनी आणि उलेमा एकाच जागी पोहोचलेले आम्ही पहिल्यांदाच पाहिले.

मधल्या जागेतल्याही काही मुली असतात. जन्मतःच एका बाजूची वाढ झालेली नसते, छातीचा स्नायूही नसतो. अशा मुलीला कुणी "हौस" म्हणू नये. तिने सर्जनलाही दाखवावे आणि आलिमलाही विचारावे, आणि आईने सोबत जावे.

आमच्या मुलीचे असे काही नव्हते. डॉक्टर म्हणाल्या, दोन लेकरांना पाजलेले निरोगी शरीर आहे, आजार काही नाही. परत येताना ती रिक्षात गप्प होती. मग म्हणाली, "टीचर, पाटल्या माझ्या आहेत ना? मेहेर माझाच ना?" आम्ही म्हणालो, "तुझाच. अब्बांचा नाही, नवऱ्याचा नाही, आमचाही नाही. मोडायच्या तर तू मोड. पण कुणाच्या सांगण्यावरून मोडतेस ते बघ."

संध्याकाळी नवरा मोटरसायकलवर न्यायला आला. मुलगा भला आहे, वाकून सलाम केला. चहा दिला आणि आम्ही वहीतली ती पाने त्याच्यापुढे ठेवली. जॉबर माणूस, मागाच्या प्रत्येक भागाचे काम त्याला ठाऊक. त्याने ओळ न् ओळ वाचली. भूल, गाठी, बायोप्सी, पुन्हा ऑपरेशन. मान खाली घालून म्हणाला, "टीचर, मी मस्करी केली होती हो." आम्ही म्हणालो, "ती मस्करी तिला दीड लाखाला पडणार होती." तो तिच्याकडे पाहत राहिला. ती धाकट्याच्या सँडलचा पट्टा लावत होती.

त्याला तीन महिने झाले. तिने अजून पक्के "नाही" म्हटलेले नाही, "आत्ता नाही" म्हटले आहे. पाटल्या हातात आहेत. मिश्री बंद आहे, सासूबाईंची मात्र चालू आहे आणि त्यावरून घरात कुरबूर होते असे कळते. गावच्या आरोग्य केंद्रात नर्सबाईंकडून तिने स्वतःची तपासणी कशी करायची ते शिकून घेतले आणि नणंदेलाही सोबत नेले, तीच नणंद जिच्यासमोर मस्करी झाली होती. भाभींचे कर्करोगतज्ज्ञ हो म्हणाले आहेत. पुढच्या महिन्यात मॅमोग्राफी आहे, ती नीट आली तर ऑपरेशनची तारीख मिळेल, इन्शाअल्लाह.